काचेच्या रिकाम्या बरण्या : झाकण पाहून काम नेमण्याची पद्धत

जॅम, मध, कॉफी किंवा विकतचे लोणचे संपले की बरणी धुऊन ओट्यावर पालथी घालायची, ही बहुतेक मराठी घरांतली सवय आहे. काच टाकवत नाही. वर्षभरात अशा पंधरा-वीस बरण्या माळ्यावर जमतात, त्यांतल्या काहींची झाकणे हरवलेली असतात, काहींना कैरीच्या लोणच्याचा वास येत राहतो आणि ऐन गरजेच्या वेळी हात पुन्हा प्लॅस्टिकच्या डब्याकडेच जातो. बरण्या भरपूर असूनही असे होते, कारण कोणत्या बरणीने कोणते काम करायचे हे आधी ठरलेले नसते.

अनेक वर्षे या बरण्या वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की बरणीचे काम तिच्या रूपावरून न ठरवता तिच्या झाकणावरून ठरवावे. काच आंबटाने खराब होत नाही, वास धरत नाही, तेलाने चिकट राहत नाही. झाकण मात्र गंजते, वास धरते, सैल होते. आट्याच्या झाकणाची बरणी प्रसिद्ध झाली ती अमेरिकेत. जॉन लँडिस मेसन यांनी ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तिचे पेटंट घेतले आणि आजही तिथे फळे-भाज्या टिकवण्यासाठी ती घरोघरी वापरली जाते. तिथल्या आजच्या बरण्यांचे झाकण दोन भागांचे असते आणि त्यातली सपाट चकती टिकवणीसाठी साधारणपणे एकदाच वापरून बदलतात. काच वर्षानुवर्षे आणि झाकण काही काळापुरते, हा हिशेब तिथेही मान्य आहे. आपल्याकडे तर काचेसाठी लोकांनी पैसा-पैसा जमवला होता : अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. त्या काचेची आठवण ठेवून एखादी बरणी नीट वापरली तर ते मला योग्यच वाटते.

पहिली पायरी : निवड

सगळ्या बरण्या एकदा उजेडात मांडाव्यात आणि प्रत्येकीच्या तोंडाच्या कडेवरून, बोट न लावता, फडक्याची घडी हलकेच फिरवावी. फडके कुठे अडकले, धागा ओढला गेला, तर तिथे टवका उडालेला आहे असे समजावे. अशी बरणी खाण्याच्या पदार्थासाठी कधीही ठेवू नये, कारण झाकण फिरवताना काचेची बारीक कपची आत पडू शकते. त्यानंतर बरणी खिडकीसमोर धरून तळाच्या गोलाईकडे पाहावे. केसासारखी बारीक रेघ दिसली आणि ती नखाला लागत असेल, तर तो तडा आहे किंवा तडा जाण्याची सुरुवात आहे. अशा बरणीत बटणे-खिळे ठेवता येतील, गरम वस्तू मात्र नाही.

आता झाकणे पाहावीत. पत्र्याच्या झाकणाच्या आत कडेने रबरासारखे एक कडे असते. ते अखंड, मऊ आणि गंजाचा ठिपकाही नसलेले असेल तर ते झाकण पहिल्या प्रतीचे. कडे ठीक, पण आतला रंग खरवडलेला असेल तर दुसऱ्या प्रतीचे. ते फक्त कोरड्या जिन्नसांसाठी. वाकलेले, गंजलेले किंवा हरवलेले झाकण ही तिसरी प्रत. अशा बरण्यांना पुढे झाकणाशिवायची कामे भरपूर आहेत, म्हणून त्या टाकू नयेत. या तीन प्रतींच्या तीन रांगा केल्या की पुढचे जवळजवळ सगळे निर्णय आपोआप होतात.

दुसरी पायरी : लेबल, डिंक आणि वास

बरणी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली की कागदाचे लेबल बहुधा सुटते. मागे राहणारा चिकटा पाण्याने निघत नाही. त्यासाठी एक चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा गोडेतेल एकत्र करून तो लेप चिकट्यावर लावावा, वीस मिनिटे थांबावे आणि जुन्या फडक्याने गोल गोल घासावे. तेलाने डिंक सैल होतो आणि सोड्याच्या कणांनी तो सुटून येतो. तारेच्या घासणीने काचेवर चरे पडतात, आणि तडा पुढे अशाच चऱ्यापासून सुरू होतो. म्हणून ती टाळावी.

वासाचे दुखणे काचेचे नसून झाकणाचे असते, हे एकदा पटवून घ्यावे. बरणी उघडी ठेवून हुंगावी, मग झाकण वेगळे हुंगावे. फरक लगेच कळतो. झाकण सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवून, धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात पालथे-सुलटे करत वाळवावे. मेथी-मोहरीचा वास तरीही गेला नाही, तर त्या झाकणाला पुन्हा लोणच्याच्या किंवा मसाल्याच्या बरणीवरच नेमावे. चहापत्तीवर किंवा साखरेवर ते बसवले तर आठ दिवसांत चहाला लोणच्याचा वास येतो, आणि मग चहापत्ती टाकूनच द्यावी लागते.

खाण्याच्या ओल्या पदार्थासाठी बरणी उकळून घ्यावी. पातेल्याच्या तळाशी जुन्या फडक्याची घडी घालावी, तिच्यावर बरण्या ठेवाव्यात, पाणी साधेच घ्यावे आणि बरण्या त्यात असतानाच गॅस लावावा, म्हणजे पाणी आणि काच बरोबरीने तापतात. उकळी फुटल्यावर दहा मिनिटे उकळावे, गॅस बंद करून बरण्या पाण्यातच कोमट होऊ द्याव्यात, मग स्वच्छ कोरड्या फडक्यावर पालथ्या घालाव्यात. झाकणे फार वेळ उकळू नयेत. त्यातले कडे कडक होते.

काच का तडकते

मुरांब्याचा गरम पाक थेट बरणीत ओतल्यावर तळाचा अख्खा गोल कापल्यासारखा सुटून पाक ओट्यावर पसरलेला मी पाहिला आहे. काच तळाशी जाड आणि अंगाला पातळ असते. गरम पदार्थाने आतला थर लगेच फुगतो, बाहेरचा तसाच राहतो आणि ओढाताण तळाच्या कडेवर येते. जॅमच्या किंवा मधाच्या बरणीची काच साधी असते. भट्टीत चालणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या तुलनेत ती तापल्यावर जवळजवळ तिप्पट फुगते, आणि तपमानात एकदम साधारण ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी ती तडकण्याचा धोका असतो. म्हणून पदार्थ कोमट झाल्यावरच भरावा. गरम भरणे भागच असेल तर बरणी आधी कोमट पाण्याने, मग त्याहून गरम पाण्याने विसळून घ्यावी आणि ती थंड ग्रॅनाइटवर न ठेवता लाकडी पाटावर किंवा फडक्यावर ठेवावी. फोडणी करपली नाही ना हे पाहण्याइतकीच ती कोमट झाली का हे पाहण्याची सवय लागली की बरण्या सहसा तडकत नाहीत.

फ्रीजरमध्ये याच्या उलट घडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. आमटीचा रस, टोमॅटोची प्युरी किंवा आमरस गोठवायचा असेल तर सरळ अंगाची, खांदे नसलेली बरणी घ्यावी, वर निदान दोन बोटे जागा सोडावी आणि पदार्थ पूर्ण गोठेपर्यंत झाकण सैल ठेवावे. खांद्याच्या बरणीत बर्फाला वर सरकता येत नाही आणि काच फुटते.

मोड आणणे : झाकणाशिवायचे उत्तम काम

तिसऱ्या प्रतीच्या बरण्यांनी सुरुवात करावी असे मी सुचवतो, कारण मोड आणायला झाकण लागतच नाही. एक लिटरची बरणी घ्यावी आणि मटकी किंवा मूग निवडून, धुऊन तिच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये. ते फुगून आणि मोड येऊन बरणी भरून जाते. भरपूर पाण्यात आठ ते दहा तास भिजवावे. तोंडावर मलमलचे किंवा जुन्या सुती साडीचे फडके एकेरी ताणून रबराने घट्ट बांधावे आणि फडक्यातूनच पाणी ओतून द्यावे. त्यानंतर बरणी एका खोलगट ताटलीवर तिरकी पालथी ठेवावी : पूर्ण उभी पालथी ठेवली तर हवा कोंडते, आणि आडवी ठेवली तर पाणी आत साचते.

सकाळ-संध्याकाळ फडक्यातूनच ताजे पाणी घालून, हलकेच फिरवून पुन्हा निथळावे. मटकीचे मोड नाजूक असतात, म्हणून बरणी जोरात हलवू नये. उन्हाळ्यात एका दिवसात पाव ते अर्धा इंच मोड येतात, थंडीत दोन दिवस लागू शकतात. कापडात बांधलेल्या पुरचुंडीपेक्षा बरणीचा फायदा असा की आतला दाणा दिसतो : कुठे बुळबुळीतपणा आला आहे, कोणता दाणा कडक राहिला आहे, हे उघडून चिवडावे लागत नाही. आंबूस वास आला तर मात्र सगळे टाकून द्यावे. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, म्हणून उसळ नीट शिजवूनच खावी.

बरणीत लोणी काढणे

आठवडाभराची साय जमली आहे, पण रवी-भांडे काढण्याइतकी नाही, अशा वेळी पहिल्या प्रतीच्या झाकणाची बरणी कामाला येते. सायीला चमचाभर दही लावून रात्रभर विरजावी आणि सकाळी तासभर फ्रीजमध्ये ठेवावी. मग ती बरणीत घालावी, पण बरणी अर्ध्याहून जास्त भरू नये, कारण घुसळायला मोकळी जागाच लागते. झाकण घट्ट लावून, बरणी फडक्यात गुंडाळून दोन्ही हातांनी वर-खाली हलवत राहावे.

इथे कान द्यावा. सुरुवातीला आत डचमळण्याचा आवाज येतो. काही मिनिटांनी साय फुलून घट्ट होते आणि आवाज पूर्ण थांबतो. बरणी हलवूनही आत काही हलत नाही असे वाटते, आणि बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. थांबू नये. आणखी काही मिनिटांनी एकदम धप्पकन आवाज येतो, काचेला चिकटलेला पांढरा थर सुटतो आणि आत गोळा आणि ताक वेगळे झालेले दिसते. त्यात थंडगार पाणी घालून आणखी पाच-सात वेळा हलवावे, म्हणजे लोणी घट्ट होऊन वर येते. थंडीच्या दिवसांत लोणी सुटत नसेल तर बरणी मिनिटभर कोमट पाण्यात धरावी. सगळे मिळून साधारण पंधरा मिनिटे लागतात, आणि लहान मुलांना दुधापासून लोण्यापर्यंतचा प्रवास काचेतून दाखवायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

लोणचे आणि दादरा

मीठ आणि आंबट यांपुढे पत्र्याचे झाकण टिकत नाही. लिंबाच्या लोणच्यावर ते लावले की आतल्या रंगाला सूक्ष्म चीर जिथे असेल तिथे गंज धरतो आणि तो लोणच्यात उतरतो. म्हणून मुरण्याच्या काळात बरणीच्या तोंडावर स्वच्छ पांढऱ्या कापडाची दुहेरी घडी घालून ती सुतळीने बांधावी, म्हणजेच जुन्या पद्धतीचा दादरा बांधावा. उन्हात ठेवलेल्या लिंबाच्या बरणीला तर दादराच योग्य, कारण आतली वाफ कापडातून निघून जाते. झाकण असेल तर तिचे थेंब होऊन पुन्हा लोणच्यात पडतात आणि बुरशीला वाट मिळते.

क्रम असा ठेवावा. उकळून घेतलेली बरणी दिवसभर उन्हात तापवून कोरडी करावी. हिंगाची धुरी द्यायची असल्यास वाटीत लहानसा निखारा ठेवून त्यावर हिंगाची चिमूट टाकावी आणि उन्हाने तापलेली बरणी तिच्यावर जरा अंतर ठेवून पालथी धरावी. निखारा काचेला लागता कामा नये. तळाशी मीठ पसरावे, फोडी दाबून भराव्यात, पूर्ण गार झालेली फोडणी वरून ओतावी आणि तेलाचा थर फोडींच्या वर एक बोटभर राहील असे पाहावे. लोणचे मुरल्यावर कायमचे झाकण प्लॅस्टिकचे किंवा काचेचे असावे. पत्र्याचेच असेल तर तोंडावर बटर पेपरचा गोल ठेवून मग झाकण लावावे आणि तो गोल दर महिन्याला बदलावा.

कोरडे जिन्नस

दुसऱ्या प्रतीची झाकणे इथे खपतात. मेतकूट, तीळ, जवस, भाजलेला रवा, खसखस, सुके खोबरे हे थोड्या प्रमाणात लागणारे जिन्नस पारदर्शक बरणीत ठेवले की किती उरले आहे ते दिसते आणि दुकानातून दुबार आणले जात नाही. तिखट, हळद आणि गोडा मसाला मात्र उजेडात ठेवू नयेत. ओट्यावरच्या उघड्या मांडणीवर लाल तिखट काही महिन्यांत विटकरी होते. त्या बरण्या बंद कपाटात ठेवाव्यात किंवा बाहेरून खाकी कागद गुंडाळावा. कोकणातल्या पावसाळ्यात मिठाच्या बरणीत चमचाभर कोरडे तांदूळ घालावेत. काडेपेटी, उदबत्ती आणि कापूर यांना या चार महिन्यांत बरणीसारखी दुसरी जागा नाही. कापूर तर एरवीही हवेत उडून जातो, त्यामुळे त्याला घट्ट झाकण लागतेच.

ही कामे या बरण्यांना देऊ नयेत

परदेशी चित्रफिती पाहून भाज्या उकळून जुन्या जॅमच्या बरणीत हवाबंद करण्याचा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. त्यांना सुमारे १२१ अंश सेल्सिअस तपमान लागते, आणि हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या पदार्थात ते वाढून अतिशय घातक विष तयार करतात. त्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणे याच कारणाने धोक्याचे आहे. ती चार दिवस पुरेल इतकीच करावी आणि फ्रीजमध्येच ठेवावी. आपली मीठ, आंबट, तेल, साखर आणि ऊन यांवर उभी असलेली टिकवण्याची रीत वेगळी आहे आणि या बरण्यांना तीच शोभते.

दुसरे काम फळांच्या सालींच्या बायो-एन्झाइमचे. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली आणि दहा भाग पाणी तीन महिने आंबवून फरशी पुसण्याचे द्रावण करतात. ते उपयोगी आहे, पण पहिल्या महिन्यात त्यात भरपूर वायू तयार होतो आणि बंद काचेची बरणी फुटू शकते. ते प्लॅस्टिकच्या बाटलीतच करावे, रोज झाकण सैल करून वायू सोडावा, आणि तयार झालेले गाळलेले द्रावण हवे तर नंतर बरणीत भरावे. त्या बरणीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नये.

स्वयंपाकघराबाहेर

मनी प्लांट, पुदिना किंवा तुळशीची फांदी पाण्यात मुळे धरते, आणि त्यासाठी झाकण हरवलेली कोणतीही बरणी चालते. पेराखालून तिरका छेद द्यावा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि बरणीला बाहेरून कागद गुंडाळावा, म्हणजे उजेड न मिळाल्याने शेवाळ धरत नाही. पाणी दर आठवड्याला बदलावे आणि बदलताना बरणी आतून घासावी. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात, भांड्याच्या कडेला अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा नियम त्यासाठीच आहे.

दिव्यासाठी बरणी वापरायची तर तळाशी दोन बोटे कोरडी वाळू घालावी आणि पणती किंवा छोटी मेणबत्ती तिच्यावर बसवावी. वाळूमुळे तळ एकदम तापत नाही. ज्योत काचेच्या मधोमध असावी, तोंड पूर्ण उघडे असावे, आणि वाऱ्याच्या गॅलरीत ज्योत एका बाजूला झुकून काच तापत असेल तर दिवा आत आणावा. विझवल्यावर काच गार होईपर्यंत पाण्याचा थेंबही लावू नये.

हत्यारांच्या कपाटात मला सर्वांत आवडणारी योजना अशी : फळीच्या खालच्या बाजूला झाकणे पक्की करायची आणि खिळे-स्क्रू भरलेल्या बरण्या खालून फिरवून त्यांत बसवायच्या. झाकणाला मधोमध एकच स्क्रू मारला तर बरणी फिरवताना झाकणही फिरते. म्हणून केंद्राच्या दोन्ही बाजूंना एकेक असे दोन स्क्रू मारावेत. स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवेत आणि दोन झाकणांत बरणीला हाताची मूठ बसेल इतके अंतर ठेवावे. बरणीत अर्ध्या किलोहून जास्त वजन भरू नये, आणि अशी फळी कुणाच्या डोक्यावर येईल अशा जागी लावू नये. शिवणाचे सामान, बटणे, हुक यांनाही ही मांडणी सोयीची आहे, कारण हवे ते बटण बरणी न उघडता शोधता येते.

झाकण अडले तर, आणि बरणी फुटली तर

अडलेले झाकण सुरीने उचकटण्याने काठाला टवका उडतो. झाकण खाली करून बरणी अर्धा मिनिट कोमट ते गरम पाण्यात फक्त झाकणापुरती धरावी. पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो आणि पकड सुटते. हात घसरत असेल तर झाकणाभोवती रुंद रबर चढवावे.

फुटलेल्या काचेचे मोठे तुकडे जाड कागदात घेऊन उचलावेत, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपावा आणि मग फरशी पुसावी. पुसलेले फडके पुन्हा वापरू नये, त्यात कपच्या अडकून राहतात. तुकडे वर्तमानपत्राच्या तीन-चार थरांत बांधून वर ठळकपणे ‘काच’ असे लिहावे आणि ते पुडके कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून द्यावे, कारण तो पिशवी बहुधा उघड्या हातानेच उचलतो. टवका उडालेली पण अख्खी बरणी भंगारवाल्याकडे जावी. तिचे पत्र्याचे झाकण आधी काढून वेगळे द्यावे.